सासूबाईंना दुसऱ्याच दिवशी चालवलं, तर लोक काय म्हणतील?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. आम्ही सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. त्यांचा उजवा गुडघा पार झिजलाय. डॉक्टरांनी तो बदलायला सांगितलंय आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख दिलीय. त्यांना साखर आहे, हिमोग्लोबिन १०.६ आलंय आणि मशेरीची सवय आहे. डॉक्टर म्हणतात, त्याच दिवशी उभं करू आणि तीन-चार दिवसांत घरी सोडू. दोन्ही नणंदांचं म्हणणं, महिनाभर पलंगावरून खाली उतरू द्यायचं नाही. शेजारच्या काकूंचं हेच ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, त्या अजून लंगडतात. मिस्टर नोकरीला जातात, घरी मी एकटीच. मी त्यांना चालायला लावलं आणि काही झालं, तर सगळा बोल माझ्यावर येणार. घरात रोज वाद चालतो तो वेगळाच : रोबोटनं करायचं की साधं, सांधा कोणत्या कंपनीचा घ्यायचा. सासूबाई मात्र एकच विचारतात, पुढच्या आषाढीला दिंडीत जाता येईल का? त्या माळकरी आहेत. काय करू?
– एक सून

उत्तर :

ताई, आधी त्या महिनाभराच्या विश्रांतीचं बघू. तुमच्या नणंदा वाईट सांगत नाहीत, जुनं सांगतात. मोठं ऑपरेशन झालं की पडून राहायचं, हे एके काळी डॉक्टरच बजावून सांगत. घरोघरी ते इतकं रुजलं की डॉक्टरांनी सोडलं तरी आपण धरून आहोत.

ते सोडलं कसं, हे सांगते, कारण नणंदांना समजावताना उपयोगी पडेल. डेन्मार्कमध्ये हेन्रिक केलेट नावाचे एक सर्जन आहेत. त्यांनी आपल्या वॉर्डातल्या पेशंटबद्दल एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली : हा माणूस आज अजून इथे का आहे? दुखतंय म्हणून? मळमळतंय म्हणून? नळ्या लावल्यात म्हणून? की आपली रीतच तशी आहे म्हणून? मग त्यांनी एकेक कारण हातात घेऊन त्याचा बंदोबस्त केला. १९९७ मध्ये त्यांनी हा विचार मांडला तो आधी पोटाच्या ऑपरेशनांतून, पुढे तो खुबा आणि गुडघ्यालाही लावला गेला. २००० साली डेन्मार्कमध्ये खुबा किंवा गुडघा बदललेला पेशंट सरासरी दहा-अकरा दिवस रुग्णालयात राही. २००९ पर्यंत ते चार दिवसांवर आलं. या नऊ वर्षांत धातूचा सांधा काही जादूचा झाला नव्हता. बदलली ती त्याच्या भोवतालची सगळी काळजी : आधीची तयारी, वेदनेचा इलाज, आणि पेशंटला लवकर उठवणं.

सासूबाईंच्या बाबतीतही मला तेच सांगायचंय. सर्जन दीड-दोन तासांत आपलं काम चोख करतील. त्याचं चीज व्हायचं की नाही, हे बऱ्याच अंशी आजपासूनचे सहा आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे ठरवतील. अपघातात पाय मोडलेल्या माणसाला तयारीला वेळ मिळत नाही. तुम्हाला तारीख मिळालीय, ती वाया घालवू नका.

‘चाललं तर सांधा निखळेल, टाके तुटतील’ ही भीतीही काढून टाका. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सांधा हाडाच्या सिमेंटनं बसवतात आणि ते टेबलावरच पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतं. पाय वजन पेलायला पहिल्या दिवसापासून तयार असतो. तयार नसतो तो मांडीचा स्नायू. गुडघ्यात सूज आली की मेंदूकडून मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूमच मंदावतो. ‘पाय उचला’ म्हटलं तर पेशंट उचलायला बघतो आणि पाय हलतच नाही, तो याच कारणानं. पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याच्याही खाली जाऊ शकते. त्यात महिनाभर पलंगावर ठेवलं तर उरलीसुरलीही जाईल. शिवाय पोटरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका, छातीत कफ, बद्धकोष्ठ, मेलेली भूक हे सगळं पडून राहण्यासोबत फुकटात मिळतं.

आता मशेरी. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा विषय दवाखान्यात निघतच नाही. डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ बाई सरळ ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या मते ती खोटं बोलत नसते. मशेरी म्हणजे दात घासणं! त्यामुळे तुम्हीच पुढे होऊन सांगा, दिवसातून किती वेळा लावतात तेही सांगा. डेन्मार्कमध्येच एक अभ्यास झाला होता, तो २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खुबा किंवा गुडघा बदलायला आलेल्या १२० धूम्रपानी पेशंटांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून विडी-सिगारेट सोडायला मदत केली. ज्यांना मदत मिळाली नाही त्यांच्यात ५२ टक्के लोकांना काही ना काही गुंतागुंत झाली, मदत मिळालेल्यांत १८ टक्के. जखमेच्या तक्रारी ३१ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. मशेरीत धूर नसतो हे खरं, पण निकोटिन तेच. ते हिरडीतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. दुसरं असं की वर्षानुवर्षं मशेरी लावलेल्या हिरड्या बहुधा आतून खराब असतात, आणि दातातले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. म्हणून या सहा आठवड्यांत दातांच्या डॉक्टरकडे एक फेरी कराच. किडलेला दात काढायचा असेल तर आत्ता काढा, नंतर नको.

सोडवायची कशी? ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे त्या म्हणतीलच, आणि त्यात तथ्य आहे. निकोटिननं आतडं हलतं. त्यामुळे नुसता डबा लपवून भागणार नाही. सकाळी कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात पालेभाजी वाढवून पोटाची सोय आधी करा, मग मशेरीच्या वेळा कमी करत न्या. दुपारची आणि रात्रीची आधी सुटते, सकाळची सगळ्यात शेवटी. सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. आणि घरात इतर कोणी मशेरी भाजत असेल तर सहा आठवडे तो वास घरात नको. माळ घातल्यावर मटण सोडणाऱ्या बाईच्या निर्धाराला कमी लेखू नका. ‘विठोबाच्या वाटेवर चालायचंय ना?’ हे तुम्ही म्हणण्यापेक्षा त्यांच्या दिंडीतल्या विणेकऱ्यांनी म्हटलं तर जास्त लागू पडेल.

हिमोग्लोबिन १०.६ म्हणजे ‘बायकांचं एवढंच असतं’ असं म्हणून सोडायचा आकडा नाही. बायकांत बाराच्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. कमी रक्तावर ऑपरेशन केलं तर रक्त चढवावं लागण्याची शक्यता वाढते आणि नंतर उभं केल्याबरोबर चक्कर येते. मग पेशंट घाबरतो, घरचे घाबरतात आणि चालणं बारगळतं. कारण शोधायला सांगा : लोह कमी आहे की बी-१२? शाकाहारी माणसात दोन्ही कमी असू शकतं. आणि गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर पोटात बारीक रक्तस्राव होत नाही ना, हेही पाहावं लागतं. लोहाची गोळी चहासोबत दिली तर ती अंगी लागत नाही. चहा आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, गोळीसोबत लिंबूपाणी चालेल. गोळ्यांनी काम होत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, पण त्यालाही गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून विचारायचं ते या आठवड्यात विचारा. नातेवाईक रक्ताच्या बाटल्यांसाठी धावाधाव करतात, तिची गरज हल्ली खूप कमी झालीय. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचं औषध ऑपरेशनच्या वेळी देतात, त्यानं रक्तस्राव बराच आटोक्यात राहतो. पण आधीच हंडा अर्धा असेल तर गळती थांबवूनही तो भरत नाही.

साखरेचं म्हणाल, तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या. ती साडेसात-आठच्या वर असेल तर बरेच सर्जन तारीखच पुढे ढकलतात, आणि बरोबर करतात. गोळ्यांची चिठ्ठी भूलतज्ज्ञांना दाखवा आणि त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर मुद्दाम बोट ठेवून दाखवा. या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करायच्या असतात. हल्ली त्या सर्रास दिल्या जातात आणि ‘साखरेची गोळी चालू आहे’ एवढंच सांगितलं तर त्या नजरेतून सुटतात. रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर तीही स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, विचारूनच. गावाकडे सांधेदुखीच्या पुड्या मिळतात, ‘आयुर्वेदिक’ म्हणून. तशा पुड्या चालू असतील तर पुडीसकट दाखवा. काहींमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा.

खाण्यात आपल्याकडच्या बायकांचा प्रश्न साखरेचा कमी आणि प्रथिनांचा जास्त. सकाळी चहा-चपाती, दुपारी भाकरी-भाजी, रात्री आमटी-भात. त्यात प्रथिनं किती? वाटीभर घट्ट डाळीत सात-आठ ग्रॅम, आणि घरच्या बाईच्या ताटात पातळ आमटी येते. जखम भरायला आणि स्नायू टिकवायला वजनाच्या किलोमागे साधारण सव्वा ग्रॅम रोज लागतं. वजन ६० किलो असेल तर ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचे रिपोर्ट ठीक आहेत ना हे विचारून घ्या आणि मग मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ, दोन वेळा दूध किंवा दही, पनीर, मूठभर दाणे, पिठलं असं मोजून वाढा. पिठलं म्हणजे गरिबाचं खाणं म्हणून नाक मुरडू नका, बेसन प्रथिनांना चांगलं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे साखर वर, आणि साबुदाण्यात प्रथिनं शून्याजवळ. उपास सोडवायला जाऊ नका, वाद होईल. त्या दिवशी राजगिरा, दही, दूध, दाण्याची आमटी करा. ऑपरेशननंतरचे दोन महिने तरी निर्जळी वगैरे नको.

व्यायाम आजपासून सुरू करायचा, नंतर नाही. हात असलेल्या खुर्चीवरून, हातांचा कमीत कमी आधार घेऊन उठायचं आणि सावकाश बसायचं, दिवसातून दोन-तीनदा, जमतील तेवढ्या वेळा. आणि वॉकर आत्ताच आणा. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ असायला हवी. तो अंगणात चालवून बघू दे. भूल उतरलेली, पाय जड, भोवती अनोळखी माणसं अशा वेळी पहिल्यांदा वॉकर हातात येणं आणि महिनाभराच्या ओळखीचा वॉकर हातात येणं यात फार फरक पडतो.

टाचांच्या भेगा आणि बोटांमधल्या चिखल्या ऑपरेशनआधी बऱ्या झाल्या पाहिजेत, जंतू तिथूनही शिरतात. आणि पायावरचे केस घरी ब्लेडनं काढू नका. काढायचे तर रुग्णालयातच, यंत्रानं कातरून काढतील.

घराचं एकाच दिवसात उरकता येईल. झोपायची खोली तळमजल्यावर, पलंग असा की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघा खुब्यापेक्षा खाली राहील. बैठा संडास असेल तर कमोडची खुर्ची, रात्रीचा दिवा, आणि वाटेतली सगळी पायपुसणी, गोधड्यांच्या घड्या, चार्जरच्या वायरी उचलून ठेवा. उंबऱ्यावर रंगीत पट्टी चिकटवा.

रुग्णालयात तुम्हाला एका जागी आवाज चढवावा लागेल. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही’ असं कोणी सांगितलं तर भूलतज्ज्ञांना विचारा. साधारण नियम असा : जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. साखरेच्या पेशंटच्या बाबतीत ते थोडं वेगळं सांगतील, त्यांचं ऐका, पण विचारा. म्हाताऱ्या माणसाला चौदा तास कोरडं ठेवून नंतर चक्कर आली म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

भूल बहुतेक पाठीतून देतील. सोबत मांडीत नस बधिर करणारं इंजेक्शन, सांध्याभोवती औषध, आणि पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या ठरल्या वेळेला. यामुळे संध्याकाळी उभं करता येतं. पहिल्यांदा उठवताना घाई नको. आधी पलंगाच्या कडेला बसवायचं, पाय लोंबकळू द्यायचे, घोटे वर-खाली पंधरा-वीस वेळा हलवायचे, दोन मिनिटं गप्पा मारायच्या. चेहरा पांढरा पडला, घाम आला, तर परत आडवं. नाहीतर उभं. चार पावलं पुरे. कोणी टाळ्या वाजवायला नकोत की ‘अगं बाई, नको!’ म्हणून ओरडायलाही नको.

घरी आल्यावर माझा खरा धसका एकाच वस्तूचा असतो : उशीचा. पेशंट म्हणतो, गुडघ्याखाली काहीतरी ठेव, बरं वाटतं. खरंच बरं वाटतं, कारण वाकलेल्या गुडघ्यात ताण कमी असतो. लेक, सून, नवरा, कोणीतरी मायेनं उशी सरकवतं आणि ती तिथेच राहते, रात्रंदिवस. दोन-तीन आठवड्यांत गुडघा थोडा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. मग पाय पूर्ण सरळ होत नाही, तो आखूड झाल्यासारखा पडतो आणि माणूस लंगडतो. तुमच्या शेजारच्या काकूंचं काय झालं ते त्यांचा पाय पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण त्यांना उताणं झोपवून गुडघ्यामागून हात सहज आरपार जातो का ते बघा. जात असेल तर त्यांनी सर्जन आणि फिजिओथेरपिस्टना दाखवायलाच हवं.

उशी ठेवायचीच तर टाचेखाली. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून टाच तिच्यावर ठेवायची, गुडघा मोकळा लोंबू द्यायचा. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. त्याच अवस्थेत मांडी घट्ट करून गुडघ्यामागचा भाग पलंगाकडे दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. सासूबाईंनी आकडे मोजण्याऐवजी ‘जय जय रामकृष्ण हरी’ म्हटलं तरी चालेल, वेळ तेवढाच लागतो. हे दुखतं. वाकवण्याचा व्यायाम सगळे आवडीनं करतात कारण तो दिसतो, ‘नव्वद झालं का, शंभर झालं का’ असं मोजता येतं. सरळ करण्याकडे दुर्लक्ष होतं, आणि चालताना लंगडणं ठरतं ते तिथेच. वाकण्याचं म्हणाल तर दोन आठवड्यांत नव्वद अंशांच्या आसपास आलं की गाडी रुळावर आहे.

दुखण्याची गोळी दुखायला लागल्यावर नाही, व्यायामाच्या पाऊण तास आधी. ‘गोळ्या उष्ण पडतात’ म्हणून त्या नको म्हणतील. गोळी टाळली की व्यायाम टळतो. शेक अजिबात नको. बर्फ हवा, फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आणि मालीशवाल्या बाईंना निरोप पाठवा की तीन महिने येऊ नका. पोटरी चोळणं सुरुवातीला धोक्याचं असतं, आत गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जखमेवर हळद, तेल, कोरफड काही नाही.

चालणं किती? तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात पाच मिनिटं. काठीवर आल्यावर काठी डाव्या हातात, उजव्या नाही. जिना चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी उजवा. संध्याकाळी सूज वाढली आणि रात्री ठणक लागली तर आज जास्त झालं, उद्या कमी करा. बंद मात्र करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्या म्हणतील, ‘कुठून दुर्बुद्धी झाली आणि पाय कापून घेतला.’ रात्रीची झोप उडालेली असते, पाहुण्यांची गर्दी ओसरलेली असते, आणि गुडघा अजून सुजलेला, गरम असतो. हे अपेक्षित आहे. गरमपणा काही महिने राहू शकतो. जखमेच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी बधिर जागा राहील, ती कदाचित कायमची. आधीच सांगून ठेवलंत तर घाबरणार नाहीत. आणि एक खरं सांगायला हवं : सगळं नीट करूनही साधारण पाचातला एक पेशंट गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पूर्ण समाधानी नसतो. तारुण्यातला गुडघा परत मिळत नाही. जिन्यावरची कळ आणि रात्रीचा ठणका जाणं ही मोठी गोष्ट आहे, हे त्यांनी आधी मान्य केलेलं बरं.

रोबोट आणि कंपनी यांवर मी तुमच्या घरातला वाद वाढवणार नाही. रोबोटनं सांधा बसवण्यात अचूकता वाढते, पण त्यामुळे पेशंटचं दुखणं किंवा चालणं फार वेगळं होतं असं ठामपणे दिसलेलं नाही. सांध्यांच्या किमतीवर सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातलीय, त्यामुळे महाग तेच चांगलं असं समजायचं कारण नाही. ज्या सर्जनचा हात या कामात रोजचा बसलाय त्यांना जो सांधा सवयीचा, तो घ्या. वाचलेले पैसे महिनाभर घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करा.

आता नणंदा. चार भिंतींआड त्यांच्याशी वाद घालू नका. ऑपरेशनआधीच्या भेटीला दोघींपैकी एकीला सोबत न्या, मोठीला असेल तर उत्तम, आणि डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा, ‘आईंना कधी चालवायचं? कोणी चालवायचं? किती?’ उत्तर डॉक्टरांच्या तोंडून तिच्या कानावर जाऊ द्या आणि कागदावर लिहून घ्या. मग ‘सुनेनं दुसऱ्याच दिवशी उठवलं’ असं राहत नाही, ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ असं होतं. शिवाय काळजी करणाऱ्या माणसाला काम द्यावं. एका नणंदेकडे बर्फ आणि गोळ्यांच्या वेळा, दुसरीकडे उसळी आणि पिठलं. पाहुणे आले की सासूबाईंनी उठून दारापर्यंत चालत जायचं, असा नेम ठेवा. बघणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात. आणि मिस्टरांनी पहिले आठ-दहा दिवस रजा काढावी. आई त्यांची आहे. रात्री संडासला नेणं ही एकट्या बाईनं महिनाभर करायची गोष्ट नाही.

दिंडीचं सासूबाईंना असं सांगा : आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तेही जवळजवळ तीन आठवड्यांत. ऑपरेशन आणि आषाढी यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर असेल, सर्जननी होकार दिला असेल आणि महिनाभर आधीपासून रोजचं चालणं वाढवत नेलं असेल, तर एखाद-दुसरा सपाट टप्पा चालण्याचा विचार करता येईल. सगळी वारी पहिल्याच वर्षी नको. अडचण चालण्यापेक्षा मुक्कामाची आहे : तंबूत जमिनीवर झोपणं, पंगतीला मांडी घालून बसणं, उकिडवं बसावं लागणं. गुडघ्याची ती रोजची सवय नंतर सोडावीच लागते. घडीची खुर्ची आणि घडीची कमोडची खुर्ची दिंडीच्या ट्रकमध्ये टाकता येते, दिंडीचालकांशी आत्ताच बोलून ठेवा. भजनाला खुर्चीवर बसलेलं विठोबाला चालतं. त्यांना पटायला जरा वेळ लागेल.

शेवटी घाबरायचं कशाला आणि कशाला नाही. पहिले दोन-तीन दिवस अंग थोडं गरम लागणं, पायावर घोट्यापर्यंत उतरलेला काळानिळा रंग, संध्याकाळची सूज हे चालतं. पोटरी अचानक टणक होऊन दुखायला लागली, तर त्याच दिवशी दाखवायचं. दम लागला, छातीत कळ आली, तर घरी वाट बघायची नाही, गाडी काढायची आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोचायचं. जखम आठवड्यानंतरही पाझरतेय, भोवती लाली पसरतेय, थंडी वाजून ताप येतोय, किंवा कमी होत आलेलं दुखणं उलटं वाढतंय, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जायचं. गावातल्या डॉक्टरांकडून ‘पाच दिवसांचं अँटिबायोटिक’ घेऊन बघू, हे करू नका. आत जंतू असतील तर त्या अर्धवट डोसानं ते दबतात, तपासणीत सापडत नाहीत, आणि सांधा वाचवण्याचे मोलाचे दिवस निघून जातात. डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयाचा रात्रीही उचलला जाणारा नंबर मागून घ्या आणि तो तुमच्याबरोबर मिस्टरांच्या आणि दोन्ही नणंदांच्याही मोबाइलमध्ये टाका.